पाटीवरचं साल आणि लाकडावरची करवत

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ऑक्टोबरमधला एक रविवार ठरलेला असतो. पानांचे रंग बघायला डेलावेअर नदीकाठी जायचं, फ्रेंचटाउन किंवा न्यू होपला जेवायचं आणि वाटेत छप्पर घातलेला लाल लाकडी पूल दिसला की गाडी बाजूला घेऊन दोन फोटो काढायचे. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत असे बारा पूल मोजले जातात. अलीकडे, न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत, ग्रीन सार्जंट्स पूल आहे. राज्यात उरलेला जुना कव्हर्ड ब्रिज तो एकच. आम्ही दोघं हे पूल ऋतू बदलून पुन्हा पुन्हा टिपतो आणि प्रत्येकाची कागदपत्रंही शोधतो. या कामाची पद्धत इथे लिहितो आहोत, कारण एकटा फोटो पुलाबद्दल फार थोडं सांगतो आणि एकटा कागद पुष्कळदा चुकीचं सांगतो. दोन्ही समोरासमोर ठेवले की हाती काहीतरी लागतं.

आधी छपराबद्दल. ते वाटसरूसाठी नाही, लाकडासाठी आहे. पुलाचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या उभ्या कैच्या, म्हणजे लाकडं जोडून केलेले सांगाडे, पेलतात. त्यांच्या सांध्यांत पाणी मुरलं की उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कुजतो. वर छप्पर आणि बाहेरून फळ्या असल्या की तोच पूल शंभर वर्षं ओलांडतो. कोकणात पावसाआधी मातीच्या भिंतींना झावळ्यांची झडी बांधतात, तसाच हा विचार. म्हणून बाहेरची लाल फळी म्हणजे पूल नव्हे, ती त्याची झडी आहे. खरा पूल आत आहे आणि कॅमेऱ्याचं निम्मं काम आतच असतं.

बक्स काउंटीतल्या पुलांची कैची एकाच जातीची आहे, टाउन लॅटिस. कनेटिकटमधले वास्तुकार इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये तिचं पेटंट घेतलं. जाड चौकोनी तुळयांऐवजी साधारण तीन इंच जाड आणि दहा-बारा इंच रुंद फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत लावायच्या आणि प्रत्येक छेदावर भोक पाडून ओकच्या लाकडी खुंट्या ठोकायच्या. या खुंट्या दीड-दोन इंच जाडीच्या असतात. साध्या छेदावर बहुधा दोन, आणि तिरप्या फळ्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्ट्यांना भेटतात तिथे चार. सगळ्या फळ्या एका मापाच्या, जवळच्या सॉ-मिलवर कापून मिळणाऱ्या, आणि लोखंड जवळजवळ नाहीच. गावातल्या कोठारं बांधणाऱ्या सुतारांनाही हे जमत असे. टाउन यांचा परवाना फुटाला एक डॉलर होता, न विचारता बांधला तर दोन डॉलर मागत, असं सांगितलं जातं. पेटंटची मुदत चौदा वर्षांची. हे चौदा वर्षांचं गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिल्या फेरीसाठी सोयीची वाट फ्रेंचटाउनहून नदी ओलांडून सुरू होते. पलीकडे उतरताच उलर्सटाउनचा पूल. तो ओढ्यावर नाही, डेलावेअर कालव्यावर आहे, आणि दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. तिथून नदीकाठच्या रस्त्याने दक्षिणेला एर्विना, फक्त ५६ फुटांचा, काउंटीतला सर्वांत आखूड. मग आत वळून फ्रँकेनफील्ड (१८७२), केबिन रन (१८७१) आणि पांढरा रंगवलेला लूक्स (१८७४). परतताना नदी ओलांडून ग्रीन सार्जंट्स. सहा पूल एका दिवसात बघून होतात, टिपून होत नाहीत. टिपायला एका दिवसात दोन पुरे, तीन म्हणजे घाई.

ऋतूची निवड बहुतेकांची चुकते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंग सुंदर असतात, पण पूल बाजूने दिसतच नाही, काठावरची झाडं निम्मा झाकून टाकतात. संपूर्ण बाजू, दगडी आधार आणि पाण्याची पातळी एका चौकटीत हवी असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस धरावेत. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाजूवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिच्यासाठी ढगाळ दिवस घ्यावा, नाहीतर मागचं आकाश पांढरंफटक आणि पूल काळा येतो. कोणती बाजू कुठल्या दिशेला आहे ते निघण्याआधी नकाशावर बघून ठेवलं तर अर्धी पायपीट वाचते.

काठावर उतरण्याआधी जमीन कुणाची ते पाहावं. रस्ता आणि पूल सार्वजनिक असले तरी ओढ्याचा काठ बहुतेक ठिकाणी खाजगी असतो. पेनसिल्व्हेनियात २०२० पासून झाडावरचा जांभळा उभा पट्टा म्हणजे ‘प्रवेश बंद’. पाटी नाही म्हणून आत गेलो, हे कारण चालत नाही. दार वाजवून विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात, आणि पुलाबद्दलची पहिली माहिती पुष्कळदा त्याच दारात मिळते: पूर कुठवर आला होता, छप्पर कधी बदललं, पूर्वी इथे कुणाची गिरणी होती. उन्हाळ्यात गवतातून गेल्यावर पायांवर गोचीड शोधणं टाळू नये, या भागात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग आहे. पूल एकपदरी असतात आणि उन्हातून आत शिरणाऱ्या ड्रायव्हरला पहिली दोन-तीन सेकंदं काहीच दिसत नाही. चमकणारं जॅकेट घालावं, आणि दोघं असाल तर एकाने फक्त गाड्यांवर लक्ष ठेवावं.

बाजूचं चित्र घेताना कॅमेरा पुलाच्या मध्याशी काटकोनात आणि पाण्याच्या पातळीला समांतर हवा. शक्य तितकं लांब जाऊन ७० ते ८५ मिलिमीटरची लेन्स वापरली तर पुलाचा बाक खरा दिसतो. जवळून वाइड लेन्सने घेतला की सरळ पूलही वाकलेला भासतो. असं चित्र संगणकावर उघडून दोन्ही टोकं जोडणारी रेघ मारली की मधला भाग वर उचललेला आहे की खाली बसलेला ते कळतं. इथे एक फसगत ठरलेली. बाहेरच्या फळ्यांची खालची कड म्हणजे कैचीची खालची पट्टी नव्हे. फळ्या नंतर कुणी वरखाली ठोकलेल्या असू शकतात. म्हणून छपराची वळचण आणि फळ्यांची खालची कड, दोन्हीकडे रेघ मारून पाहावी. दोन्ही सारख्याच वाकल्या असतील तरच पूल बसला आहे असं म्हणता येतं.

लाल रंगाचं दुखणं वेगळं. उन्हात लाल फळ्यांचा फोटो घेतला की कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल भरून वाहिलेला असतो. मग फळ्यांचे जोड आणि खिळ्यांची डोकी पुसली जातात आणि भिंत प्लॅस्टिकसारखी सपाट होते. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा दाखवायची सोय चालू करून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणावं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी जाते. आत जाताना मात्र तो काढावा, तिथला अपुरा प्रकाश तो आणखी खातो.

आतला फोटो सर्वांत अवघड. दोन्ही टोकांची दारं उजेडाने भरलेली आणि मधली कैची काळोखात, फरक सहज सात-आठ स्टॉपचा. एका फोटोत दोन्ही येत नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो. त्यातला सर्वांत गडद फोटो दाराबाहेरच्या रस्त्यासाठी, सर्वांत उजळ फोटो फळ्यांच्या मागच्या कोपऱ्यांसाठी. गाडी गेल्यावर पूल थरथरत राहतो. पायाखाली काही जाणवेनासं झालं तरी दहा सेकंद आणखी थांबावं, कारण सेकंदभराच्या एक्स्पोजरला तेवढा कंपही पुरतो. फळ्यांच्या फटींतून येणारं ऊन पिवळं असतं आणि दारातून येणारा आकाशाचा प्रकाश निळा. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) आणि रंग जुळवण्यासाठी मधोमध धरलेलं करडं कार्ड, या दोन गोष्टी सोडू नयेत.

आता टॉर्च काढायचा. तो कैचीच्या फळीवर समोरून मारायचा नाही, फळीला जवळजवळ चिकटवून प्रकाश तिच्या अंगावरून सरपटत जाऊ द्यायचा. सपाट वाटणाऱ्या लाकडावर करवतीच्या रेघा उमटतात. सरळ, एकमेकींना समांतर, थोड्या खडबडीत रेघा असतील तर फळी वरखाली चालणाऱ्या पाणचक्कीच्या करवतीवर कापलेली. रेघा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतील तर ती गोल पात्याच्या करवतीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोल करवत गावोगाव पसरली. आणि रेघा सरळ असूनही बारीक, अगदी एकसारख्या असतील तर ती बँड-सॉची, पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीची, म्हणजे फळी बरीच नंतरची, दुरुस्तीत बदललेली. एका फळीवरून पुलाचं वय काढू नये. खेड्यातली जुनी करवत कित्येक दशकं चालत राहायची, आणि फळी दुसऱ्या पुलावरून उचलून आणलेलीही असू शकते. आम्ही प्रत्येक बाजूच्या निदान दहा फळ्या पाहतो, त्यांना टोकापासून क्रमांक देतो आणि प्रत्येकीचा टॉर्चच्या तिरप्या उजेडातला फोटो मोजपट्टीसकट घेतो. खुंट्यांचंही तसंच. जुनी खुंटी हाताने तासलेली, किंचित अष्टकोनी. नवी यंत्रावर कातलेली, गुळगुळीत गोल. एका छेदावर एक जुनी आणि एक नवी दिसली तर तिथे दुरुस्ती झाली आहे, आणि त्या दुरुस्तीचा कागद कुठेतरी असणार.

लांबी मोजताना काय मोजलं ते लिहिलंच पाहिजे. छपराच्या टोकापासून टोकापर्यंत, कैचीच्या टोकापासून टोकापर्यंत, आणि दोन दगडी आधारांमधलं मोकळं अंतर, या तीन वेगळ्या लांब्या आहेत. एकाच पुलाची लांबी दोन ठिकाणी वेगळी छापलेली दिसते तेव्हा बहुधा दोघांनी वेगळी गोष्ट मोजलेली असते.

मग कागद. सुरुवात नावापासून. या पुलांची नावं शेजारच्या शेतकऱ्यावरून, गिरणीवरून किंवा ओढ्यावरून पडली आणि मालक बदलला की बदलली. व्हॅन सँट पुलाला बीव्हर डॅम पूल असंही म्हणत. एकाच नावाने शोधलं तर अर्धा इतिहास निसटतो. त्यावर उपाय म्हणजे कव्हर्ड ब्रिजच्या जागतिक यादीतला क्रमांक: आधी राज्य, मग काउंटी, मग पूल. पेनसिल्व्हेनिया ३८, बक्स ०९. ग्रीन सार्जंट्सचा क्रमांक ३०-१०-०१. आमच्या फाइलींची नावं याच क्रमांकाने सुरू होतात, त्यामुळे नाव बदललं तरी पूल हरवत नाही.

दुसरी पायरी १८७६ चा जे. डी. स्कॉट यांचा बक्स काउंटीचा ॲटलस. रस्ता ओढा कुठे ओलांडतो, जवळ कुणाचं घर, कुठे पिठाची आणि कुठे लाकडाची गिरणी, हे त्यात मालकांच्या नावासकट आहे. पूल नेमका तिथेच का, याचं उत्तर बहुतेक वेळा गिरणीत असतं. धान्याची गाडी जिथे जाते तिथे रस्ता, आणि रस्ता जिथे अडतो तिथे पूल.

तिसरी पायरी वेळखाऊ, पण सर्वांत भरवशाची. पेनसिल्व्हेनियात असा पूल हवा असला की आधी लोक क्वार्टर सेशन्स न्यायालयाकडे अर्ज करत. न्यायालय जागा बघायला माणसं नेमी, ती अहवाल देत, ग्रँड ज्युरीची, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांची, मंजुरी लागे आणि मग काउंटीचे कमिशनर काम ठेक्याने देत. म्हणजे एका पुलामागे कमीत कमी चार कागद: अर्ज, अहवाल, मंजुरी आणि ठेकेदाराला दिलेल्या पैशाची नोंद. शिवाय ‘डॉइल्सटाउन डेमोक्रॅट’ आणि ‘बक्स काउंटी इंटेलिजेन्सर’ या वृत्तपत्रांतल्या ठेक्याच्या जाहिराती. काउंटीच्या जुन्या दप्तराचा बराच भाग आणि ही वृत्तपत्रं डॉइल्सटाउनच्या मर्सर म्युझियमच्या ग्रंथालयात बघता येतात. जाण्यापूर्वी वेळ ठरवावी, आणि पुलाचं नाव नव्हे, टाउनशिप (काउंटीतला लहान प्रशासकीय भाग) आणि ओढ्याचं नाव घेऊन जावं, कारण अर्जात तेवढंच असतं. त्याच इमारतीत हेन्री मर्सर यांनी जमवलेली सुतारांची हत्यारं मांडलेली आहेत. खुंटीचं भोक पाडायचा गिरमिट एकदा प्रत्यक्ष पाहिला की पुलावरच्या खुणा वेगळ्या डोळ्यांनी दिसतात.

एर्विनाच्या पुलात हे सगळं एकत्र येतं. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचं साल १८३२ आहे, काउंटीची कागदपत्रं १८७१ कडे बोट दाखवतात. एकोणचाळीस वर्षांचा फरक. उलर्सटाउन आणि साउथ पर्कसी या पुलांसमोरही १८३२ लिहिलेलं सापडतं. त्याच वर्षी ब्रिस्टल ते ईस्टन हा साठ मैलांचा डेलावेअर कालवा सुरू झाला. कालव्याने जुना रस्ता कापला म्हणून उलर्सटाउनला त्या काळात पूल लागला, हे पटण्यासारखं आहे. पण एर्विना कालव्यावर नाही, लोडी ओढ्यावर आहे. आमचा तर्क असा की शेजारच्या पुलाचं साल यादी करताना इकडे चिकटलं असावं, किंवा १८३२ चा आधीचा एखादा पूल असेल आणि १८७१ मध्ये जुन्या दगडी आधारांवर नवा चढला असेल. आता ते चौदा वर्षांचं गणित घ्या. १८३२ मध्ये टाउन यांचं पेटंट चालू होतं, म्हणजे परवान्याचे पैसे देणं लागत होतं, १८७१ मध्ये ही कैची कुणीही फुकट बांधू शकत होतं. आणि आजूबाजूचे केबिन रन, फ्रँकेनफील्ड, लूक्स सगळे १८७१ ते १८७४ चे. आम्हाला १८७१ जास्त पटतं. अशा वेळी कागदात ‘नवा पूल’ म्हटलंय, ‘पुनर्बांधणी’ म्हटलंय की फक्त ‘वरचा भाग’, हा शब्द न शब्द उतरवून घ्यावा. ‘वरचा भाग’ असं असेल तर खालचे दगड आधीचे आहेत, आणि दगडांच्या सांध्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जायला हवेत.

जुनी पोस्टकार्डं हाताशी असली तर उत्तम. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली असेल तर अमेरिकेतलं ते कार्ड मार्च १९०७ नंतरचं. प्रत्यक्ष फोटोकागदावर छापलेलं असेल तर तिकिटाच्या चौकोनाभोवती ‘अझो’ (फोटोकागदाचं नाव) ही अक्षरं आणि चार कोपऱ्यांत त्रिकोण शोधावेत. चारही वर तोंड करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०. त्याच जागेवरून नवा फोटो घ्यायचा तर नुसतं ‘साधारण इथूनच’ म्हणून चालत नाही. जुन्या चित्रातली एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडायची, समजा पुलाच्या दाराचा डावा कोपरा आणि मागच्या टेकडीची खाच. कोपरा खाचेच्या डावीकडे दिसतोय तर आपण उजवीकडे आहोत, डावीकडे सरकायचं. दोन्ही एका रेषेत आले की अशी दुसरी जोडी घ्यायची. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या तीच जागा. लेन्स कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. जागा चुकली असेल तर कुठलीच लेन्स ती भरून काढत नाही.

हे सगळं इतक्या बारकाईने कशासाठी, तर हे पूल जातात. स्कोफिल्ड फोर्डचा पूल १९९१ मध्ये जळला आणि १९९७ मध्ये जुन्याच दगडी आधारांवर पुन्हा उभा राहिला. मूड्स पूल २००४ मध्ये पेटवला गेला. साउथ पर्कसीचा पूल पाडला जाणार होता म्हणून १९५८ मध्ये उचलून बागेत नेला. त्याच्या दारावर चालीपेक्षा जोरात गाडी हाकणाऱ्याला आणि पुलावर सिगार ओढणाऱ्याला पाच डॉलर दंडाची पाटी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पुराने तोही मोडला. ग्रीन सार्जंट्स १९६० मध्ये वाहनाच्या धडकेने मोडला, पण लाकडं जपून ठेवली होती म्हणून १९६१ मध्ये पुन्हा जोडता आला. पुन्हा जोडणाऱ्या सुताराला सूर्यास्ताचा फोटो कामाचा नाही. त्याला हवा असतो टोकापासून सातव्या छेदाचा समोरून घेतलेला, मोजपट्टी ठेवलेला फोटो.

म्हणून प्रत्येक पुलाचं आमचं पान एकाच साच्याचं आहे. क्रमांक, सगळी नावं, ओढा, टाउनशिप, तिन्ही लांब्या, पाहिलेल्या फळ्यांचे क्रमांक आणि करवतीची जात, फोटोची तारीख, उभं राहण्याची जागा, आणि शेवटी साल. एर्विनाच्या पानावर साल या रकान्यात एक आकडा नाही. तिथे लिहिलं आहे: ‘१८३२, राष्ट्रीय नोंदवही. १८७१, काउंटीची कागदपत्रं. आमचं मत १८७१.’ खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.